उत्तरदाता क्रमांक चौदा

तिसऱ्या वर्षाला पेपर होता : गुन्हा आणि समाज.
गव्हाणे सरांनी प्रश्नावल्या वाटल्या, बजावलं,
नावं विचारायची नाहीत. फक्त क्रमांक.

परभणीच्या जेलात
भिंतीला पाठ लावून बसलेला चौदावा
जिंतूरचा लिंब्या निघाला.
सहावीत माझी गणितं यानंच सोडवलेली,
छड्या मात्र दोघांनी खाल्ल्या.

वय? शिक्षण? घरात कमावते किती?
तो पाढे म्हटल्यासारखा सांगत गेला,
मी खुणा करत गेलो.
ओळख दोघांनीही दाखवली नाही.

शेवटच्या पानाला हळूच म्हणाला,
‘कामून घेतलास लेका असला इषय?
नोकरी लागती का याच्यावर?’

‘माहीत नाही’चा चौकोन
फक्त त्याच्याच बाजूला छापलेला होता.