फॉइल

टाकी सहा लिटरची की दहाची, ठरत नव्हतं.
नेवाळकर म्हणाले, लिटर सोडा,
अडलंय काय ते सांगा.
मी पर्समधून क्रुसिबल काढली :
काचेच्या जाळीत निकेलचा गुलाबी साका,
मागच्या बॅचचा, त्याच्याही मागच्या बॅचचा.
ब्रशनं घासून माझं मनगट गेलं, तो गेला नाही.

भोसरीच्या त्या शेडमध्ये तीन कंपन्यांची तीन यंत्रं,
तिन्हींवर चाळीस किलोहर्ट्झ.
लिहायला काय जातं.

डबा उघडला. पोळ्यांवरची फॉइल सोडवली,
तूप ओढणीला पुसलं, तीन तुकडे केले.
एकेका टाकीत एकेक, उभा धरून, मिनिटभर.

पहिलीनं नुसताच आरडाओरडा केला.
दुसरीनं एका कोपऱ्याची चाळण केली,
बाकी कोरं.
तिसरी डासासारखी गुणगुणत राहिली.
तिचा तुकडा दाराच्या उजेडात धरला तर
या टोकापासून त्या टोकापर्यंत
सुईच्या अग्राएवढी भोकं.
नेवाळकर काहीच बोलले नाहीत,
चहा मागवला.

महाग तीच निघाली, अर्थात. साडेअकरा हजारांनी.
आणि आमच्याकडे नियम असा, की तीन कोटेशनं मागवा
आणि सगळ्यात स्वस्त घ्या.

परतीच्या बसमध्ये उघड्या पोळ्या खाल्ल्या,
कडा वाळलेल्या.
मग कोटेशनं मांडीवर घेऊन
प्रत्येकाला त्याचा तुकडा टाचला.

सोमवारी मीटिंग. रणदिवे सर आकड्यांवर येतील,
त्याआधी म्हणेन,
सर, तो पडदा जरा सारता का.