दारामागची पाटी

आमच्या दारामागे एक पाटी आहे,
वादळात छपरावरून सरकलेली.
सासऱ्यांच्यानं फेकवली नाही,
भोक पाडून टांगली, शेजारी सुतळीला खडू.
वर जाताना नाव लिहायचं,
खाली आलात की ज्याचं त्यानं पुसायचं.
पुसलं नाही तर आम्ही शोधायला निघतो.
एवढाच नियम. बाकी, बूट बाहेर काढा,
कुत्रा आत चालेल.

बाहेरच्या फळीवर तीन एडके रंगवलेत,
तिसऱ्याचं तोंड पावसानं नेलं.
लोक म्हणतात, रंगवून घ्या.
मी म्हणते, त्याला इथं कोण ओळखत नाही?

शनिवारी पाटी भरते.
मँचेस्टरचे चौघे, नव्या काठ्या टकटक वाजवत;
दोन निवृत्त शिक्षिका, नकाशा न उघडता जातात
आणि नकाशावाल्यांच्या आधी परततात;
एक जोडपं, जाताना एका ओळीत नाव,
आल्यावर आपापलं पुसतं.
मोजे शेगडीवर वाळतात, त्यांचा वास
कांद्याच्या सूपपर्यंत पोचतो,
अजून तरी कुणी तक्रार केलेली नाही.
दिवे लागले की मी उरलेली नावं मोजते,
मेंढपाळांच्या जुन्या आकड्यांत:
यान, तान, टेदेरा.
बिलाला शाळेतले आकडे वापरते.

गुरुवारी ॲम्ब्रोज बर्केट येतो.
चाळीस वर्षं खाणीत पाटीचा दगड फोडला,
ही पाटीही त्याच्याच हातची असेल.
गुडघे गेल्यापासून चढत नाही.
पण सकाळी येतो, खडू घेतो,
ठसठशीत लिहितो:
ए. बर्केट. रेव्हनरिग. शिखरापर्यंत.
आणि खिडकीपाशी बसतो,
अर्ध्या पाइंटवर दुपार काढतो.
शिखर दिसलं तर बघतो,
नाही दिसलं तरी तिकडंच बघतो.
उतरणाऱ्यांना विचारतो,
वरचं फाटक लावलंत ना नीट?
साडेनऊला उठतो, बाहीनं नाव पुसतो.
"आलो बाई खाली."
"वारा कसा होता?"
"होता."

बारवरचा नवा पोरगा एकदा हसला.
त्याला मी रात्रभर बटाटे सोलायला बसवलं.

नोव्हेंबरातला एक गुरुवार.
बचाव पथक सरावाहून आलेलं, बसायला जागा नाही,
आणि पिंपाचा नळ गळतो म्हणून मी तळघरात.
वर आले तर खिडकीपाशी कुणी नाही,
खुर्चीच्या पाठीवर टोपी नाही. म्हणजे घरी गेला.
अकराला कडी लावताना पाटी पाहिली.
यान.
ए. बर्केट. रेव्हनरिग. शिखरापर्यंत.

तो कुठं गेला नव्हता, मला ठाऊक होतं.
पण नियमात 'ठाऊक नसेल तर' असं कुठं आहे?
टॉर्च घेतला, नवऱ्याचा कोट चढवला,
दोराचं वेटोळंही खांद्याला लावलं, का कोण जाणे.
चॅपलच्या मागून, ओढ्यावरच्या फळीवरून.
धुकं असं, की हातातला उजेड
हातातच राहिला.

पडदा उघडाच होता.
टेबलाशी बसल्या बसल्या झोपलेला,
तोंड उघडं, बूट पायांत.
पुढ्यात नकाशा पसरलेला,
घड्या झिजून मधोमध भोक पडलेलं,
नेमकं शिखर असायला हवं तिथं.

काच वाजवली नाही.
विस्तव आहे, हे पाहिलं.
छातीवरचा स्वेटर वरखाली होतोय,
हे दोनदा पाहिलं.

घरी येऊन पाटीकडे हात नेला,
आणि मागे घेतला. ज्याचं त्यानं.

मग आठवडाभर लोक विचारत राहिले,
हा कोण वर अडकलाय?
"आमचाच आहे. सावकाश उतरतो."

गुरुवारी आला, खडूकडे हात गेला
आणि आपलंच नाव वाचत उभा राहिला.
बराच वेळ.
"किती दिवस होतो गं मी वर?"
"सात."
बाहीनं पुसलं. टोपी खुर्चीला अडकवली.
"मग सूप आण," म्हणाला,
"मोठ्या वाडग्यात."