चुंबक धरत नाही

शारजात सजाच्या बाजूला आमचं भंगाराचं यार्ड.
माझ्या हातात सुतळीला बांधलेला चुंबक.
चिकटलं तर लोखंड, डावीकडे फेक.
नाही चिकटलं तर हळू, उजवीकडे,
त्यात निकल असायची शक्यता.

पहिल्या महिन्यात मला हे पटेचना.
कारण तांब्यांनी तपकिरीच्या डबीतून काढून दाखवला
शुद्ध निकलचा गोळा, वाटाण्याएवढा,
आणि तो टपकन चुंबकाला जाऊन बसला.
म्हणजे स्वतः चिकटणारा.
पण पोलादात शंभराला आठ भाग मिसळला
की त्या सगळ्या पोलादाची ओढच मारून टाकतो.
"संगत," तांबे म्हणाले,
आणि दातात अडकलेली खजुराची साल काढत बसले.

शरफुद्दीन तांबे, मुक्काम हर्णै.
बावीस वर्षं भंगारात.
ग्राइंडरला धातू टेकवून ठिणगी वाचतात.
साधं पोलाद फुलबाजीसारखं तडतडतं,
निकल असलं की ठिणगी आखूड, मंद,
पाहुण्यांसमोर बोलायला लाजल्यासारखी.
इस्पितळाचं सिंक, लिफ्टचा दरवाजा,
शावरम्याची सळई, दुधाची टाकी, सगळ्यांची तीच ठिणगी.
खिशातला जुना दिरहम चुंबकाला ओळख देत नाही,
नवा धावत येतो.
का, ते तांब्यांनी मला दोनदा सांगितलं. मी दोनदा विसरलो.

गेटवरचा गुलरेज ट्रकवाल्यांवर ओरडतो, "निकल! निकल!"
आम्हाला दर वेळी हसू येतं.
मे महिन्यात तीच तीन अक्षरं मालकानं
छपऱ्याच्या एका पोराला ऐकवली,
तेव्हा कोणी हसलं नाही.

यंदा किनाऱ्यावरचा कुठलासा जुना प्रकल्प मोडला,
समुद्राचं पाणी गोडं करणारा.
नळ्या आल्या, ट्रेलरमागून ट्रेलर.
नव्वद भाग तांबं, दहा भाग निकल.
तीस वर्षं समुद्र त्यांच्या पोटातून गेला
आणि त्यांना खाऊ शकला नाही.
आत फक्त सायीसारखा तपकिरी थर,
नखानं खरवडला तरी निघेना.
"नुसता तांबे असता तर केव्हाच भोकं पडली असती,"
तांबे आपल्याच आडनावावर हसले.
त्यांचे ते दहा भाग कुठून येतात,
मी विचारलं नाही.

आतून खारं वाहायचं,
बाहेर वाफ टेकून थेंब थेंब गोडं व्हायचं.
तसलंच पाणी मी अकरा वर्षं प्यालो,
त्यातच डाळ शिजवली, त्यातच बनियन बुचकळले.
नळ्या मोजताना एकीला पाय लागला
आणि हात आपोआप कपाळाकडे गेला.
तांब्यांनी पाहिलं,
आणि मोजणी पुढे चालू ठेवली, एकशे बारा, एकशे तेरा.

गेल्या सुट्टीत रोल्याच्या बाजारातून
ऋजुतासाठी कानातली नेली होती,
सोन्याचं पाणी दिलेली, मधे लाल खडा.
आठवड्यात पाळ्या सुजल्या, पाणी धरलं.
डॉक्टर म्हणाला, धातू मानवत नाही.
मी निघेपर्यंत तिनं ती काढली नाहीत.
विमानतळावर काढून माझ्या मुठीत दिली,
म्हणाली, "बदलून आणा, बाबा. घाई नाही."

काल जेवणाच्या सुट्टीत
तांब्यांच्या दोन बाटल्यांतले दोन थेंब कापसावर घेतले,
सोनं झिजलं होतं तिथे चोळलं.
कापूस गुलाबी झाला.
छान गुलाबी, बाळाच्या टाळूसारखा.
मी मालाला शिवी दिली, दुकानदाराला दिली, धातूलाही दिली.
"त्याला नको," तांबे म्हणाले.
"खाली तांबं, वर सोनं.
तांबं वर चढून सोनं काळवंडू नये म्हणून
त्याला मधे उभं केलं होतं."

संध्याकाळी लंडनचा भाव चढला,
मालकानं सगळ्यांना करक चहा पाजला.
कानातली कुठल्या ढिगात टाकायची?
वजन काट्यावरही येत नाही.
पत्र्यावर ठेवली, चुंबक जवळ नेला.
किंचित हलली.
इतकी किंचित, की वाराही असेल.