हसिरु, हसिवु

विट्याहून उमदीच्या शाळेत बदली झाली तेव्हा
माझ्या पेटीत बारा रंग होते,
कानडी शब्द एकही नव्हता.

मंगळवारी तिसऱ्या तासाला
मराठी सातवी आणि कानडी सातवी एकाच खोलीत,
कारण चित्रकलेला बाई एकच
आणि धड सतरंज्या दोनच.

सुरुवात रेघेपासून केली.
आडवी सरळ रेघ काढा म्हटलं
तर मराठीकडची पोरं झपकन काढून मोकळी.
रोज अक्षरं दोरीवर वाळत घालायची सवय.
गोल काढा म्हटलं
तर कानडीकडचे हात जात्यासारखे फिरले,
एकही गोल कुठे तुटला नाही.
मग जोड्या लावल्या,
एक दोरीवाला, एक गोलवाला,
आणि सायकल काढायला दिली.

रंगांची नावं मला निंगव्वानं शिकवली,
निंगव्वा बिरादार, पाटी-पुस्तक एका पिशवीत, खोडरबर नेहमी उसना.
ती डबीवर बोट ठेवायची.
मी फळ्यावर लिहायची,
खाली ती तिच्या लिपीत.
तांबडा, केंपु.
पांढरा, बिळी.
राखाडीला बूदी, हे सांगताना
तिनं पोषण आहाराच्या चुलीतली चिमूट आणून
माझ्या मनगटावर ओढली, पुसू दिली नाही.
डाळिंबी दोन्हीकडे न सांगता कळला,
बागा आहेत गावात.
आमसुली म्हटल्यावर मात्र दोन्ही सतरंज्यांवर
तोंडं कोरी.
आमसूल इथे कुणी पाहिलेलंच नव्हतं.
मीही कोकणात एकदाच गेलेय.

आणि मग तो मंगळवार.
फळ्यावर लिंबाचं झाड काढलं,
घरून पाठ करून आणलेलं वाक्य
ऐटीत म्हणून टाकलं,
गिडदाग हसिवु तुंबरी.

कानडी सतरंजी खदखदून हसली.
मराठी सतरंजी काही न कळता हसली.
मोहसीन म्हणाला, बाई, हसरं म्हणालात ना,
मग झाडाला दात काढू?
चन्नबसूनं पोटावर हात ठेवला.
हिरवा म्हणजे हसिरु, बाई.
हसिवु म्हणजे भूक.
तुम्ही झाडात भूक भरायला सांगितली.

मी पण हसले. रु तीनदा गिरवला.
तासाला कागद गोळा झाले,
सगळी झाडं हिरवीगार,
एकाला दात.

निंगव्वाच्या झाडात हिरवा नव्हता.
खोड, फांद्या, आणि फांद्यांमधे
कागद होता तसाच ठेवलेला.
मुळं मात्र खाली खाली जात
कागद संपला तिथून मागे वळलेली.
उलटून पाहिलं.
प्रत्येक मुळाच्या टोकाला एक गोल.
न तुटलेला.

हे काय, विचारलं.
तिनं मराठीत शब्द शोधला, सापडला नाही.
कानडीत सांगितला, मला कळला नाही.
मग तिनं माझ्याकडे बघत
तोंड उघडलं,
आणि उघडंच ठेवलं.

जतला स्पर्धेसाठी तेच चित्र पाठवलं.
अर्जात रकाना होता, माध्यम.
मी लिहिलं, पेन्सिल.

पंधरा दिवसांनी अर्ज परत आला.
पेन्सिलभोवती लाल शाईचा गोल,
बाजूला शेरा, मराठी की कन्नड ते स्पष्ट करावे.

निंगव्वाला दाखवला.
तिनं शेरा वाचलाच नाही.
लाल गोलावरून बोट फिरवलं सावकाश
आणि म्हणाली, बाई,
हा दोन ठिकाणी तुटलाय.