प्रतिनिधी कार्यालय

मात्तीसच्या देशात माणसं किती?
हडपसरात असतील त्याहून जरा कमी, तो म्हणाला,
आणि बिस्किट चहात बुडवायला माझ्याकडून शिकला.
तिथे सगळ्यांची खाती उघडून झाली,
पाळण्यातल्या पोरांची,
दीपगृहावरच्या एकट्या माणसाचंसुद्धा.
मग बँकेने करायचं काय?

दूध थंड ठेवायची यंत्रं करणारा त्यांचा एक कारखाना
चाकणला नांदायला आला,
तर नवरीबरोबर पाठराखीण निघावी
तशी ही बँक निघाली.
आधी शेजारच्या देशात, मग समुद्रापलीकडे,
मग बाणेरला, दोन खोल्यांत.

तीन खुर्च्या. एकीवर मी, शलाका बिडवे,
एकवीस वर्षं सहकारी बँकेत काढलेली.
आमची सगळ्यात लांबची शाखा सासवडला होती.
ती उघडली तेव्हा पेढे वाटले होते आम्ही,
दिवे घाट म्हणजे जणू सातासमुद्रापार.

पितळी पाटी तांबट आळीतून करून घेतली.
कारागिराने नाव तीनदा विचारलं,
मग म्हणाला, कागदावर लिहून द्या.
आणि बुडाली तर पाटी परत आणा,
वजनावर घेईन.

परवाना असा आहे, की
पैसे घ्यायचे नाहीत. द्यायचेही नाहीत.
ओळखी करून द्यायच्या, पत्रं धाडायची,
बँक असल्यासारखं बसायचं.

गुरुवारी त्र्यंबक हरपळे आले.
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेल्या ठेवपावत्या
त्यांनी टेबलावर मांडल्या,
माझ्या जुन्या, बुडालेल्या बँकेच्या.
खाली सही माझीच.
'बि'ची वेलांटी फार ऐटीत काढायचे मी तेव्हा.

त्यांनी मला ओळखलं नाही.
किंवा ओळखलं.
हे परत मिळाले की तुमच्याकडे ठेवीन म्हणतो.
देश केवढा आहे तुमचा?
मी नकाशावर दाखवला. नखाखाली सगळा झाकला गेला.
मग बरं, म्हणाले,
लहान गावात तोंड लपवायला जागा नसते.

मी नियम सांगितला.
मात्तीस मान डोलावत राहिला, काही न कळता.
हरपळे एकेक पावती गोळा करू लागले,
रबर तुटलं.
ड्रॉवरमधलं नवं काढून दिलं मी.

संध्याकाळी मुख्यालयाला अहवाल गेला.
चौकशी एक. ठेवीसंबंधी.
नियमानुसार नाकारली.
खाली मी सही केली,
वेलांटी आखूड.