लोण

करावे गावच्या मैदानात, मॅटवर,
समोरचा संघ अख्खा बाद झाला
आणि मी शिट्टी फुंकून दोन बोटं वर केली : लोण.
गुणफलकावरच्या पोराने विचारलं,
"मॅडम, लोण म्हणजे काय हो?"
मी म्हटलं, मीठ.
तो हसला. त्याला वाटलं चेष्टा करते.

मीठच, बाळा.
तू उभा आहेस तिथे, सिडकोच्या भरावाच्याही खाली,
वाफे होते. भरतीचं पाणी आत घ्यायचं
आणि उन्हाला राखायला द्यायचं.
आगगाडी नव्हती, गिरणीचा भोंगा नव्हता.
वेळ सांगायला दोघेच : भरती,
आणि शिलोत्र्याचा कारकून.

खेळायला सवड शिलोत्र्याला.
दुपारभर पडवीत गंजिफा,
लाखेच्या गोल पानांवर दहा अवतार,
हरला तरी तो हसायचा.
थंडीत तोड्याची बंदूक घेऊन बदकं मारायचा.
बार त्याचा.
कमरेएवढ्या चिखलातून बदक आणायचं पोशाने.
दोघंही त्याच सकाळी, त्याच खाडीत.
एकाच्या सकाळीला शिकार म्हणत,
दुसऱ्याच्या सकाळीला नाव नव्हतं.

आमच्यांना रात्र मिळायची, तीही चांदणं असेल तर.
मीठ ओढून झालं की
वाफ्यांमधल्या पाटांचंच मैदान.
नऊ पाट्या. मधोमध उभी सूर.
पाटीवरच्याने पाटी सोडायची नाही,
जाणाऱ्याने त्याची थाप चुकवून जायचं,
शेवटच्या पाटीपलीकडून चिमूटभर मीठ उचलायचं,
उलट यायचं आणि ओरडायचं : लोण!
दिवसभर दुसऱ्याच्या राशीला घातलं त्यातली
ही एवढी चिमूट चोरीची नव्हती.

बायका खेळत नसत. बायका टोपल्या मोजत,
लाभ, दोन, तीन, डोक्यावर ओझं असतानाच.
माझी शिट्टी कदाचित तिकडून आली असेल.

एका पुनवेला शिलोत्र्याचा चिंतो आला,
बारा वर्षांचा, जोडे हातात.
म्हणाला, मलाही घ्या.
नाही कोण म्हणणार?

पहिल्या पाटीवर गोमा,
ज्याच्या थापेतून डास सुटत नसे.
गोमाचा हात उठला आणि वरच राहिला.
दुसरीवर जानू खाली वाकला, पायातला काटा काढायला.
तिसरीवर पोशाला अचानक चांदोबा बघायचा होता.
नऊच्या नऊ पाट्या उघडल्या
भरतीला बांधाची उघाडी उघडावी तशा.
चिंतो मीठ घेऊन परत आला. लोण म्हणाला.
कोणी ओरडलं नाही.
पुन्हा गेला. पुन्हा लोण.
तिसऱ्या खेपेला मुद्दाम सावकाश चालला,
गोमाच्या छातीपुढे थांबला,
"मार ना. मार की रे!"
"आमचे हात खारे हान, धनी."

पोर मुठीतलं मीठ तिथेच टाकून रडत घरी गेलं.

सकाळी कारकून. पोराला कोणी मारलं?
कोणीच नाही मारलं, राव.
मग रडलं कशाला?

याचं उत्तर अख्ख्या आगरात कोणाला देता येईना.
गोमाची आठ दिवसांची मजुरी कापली.

हे कुठे लिहिलेलं नाही. अर्धं मीच रचते आहे.
वहीत फक्त कपात लिहितात,
खेळ लिहून ठेवायचा असतो
हे त्या कारकुनाला कुठून ठाऊक असणार.

"मॅडम, चढाई!" पोरगा ओरडला.
पाम बीचच्या टॉवरमधला एक मुलगा आत शिरला होता, चपळ.
गावच्या पोराने त्याचा घोटा धरला, चांगला घट्ट,
आणि दोघं मिळून मॅटवर आपटले.
उठला तेव्हा गुडघा सोललेला,
आणि हसत होता, वेड्यासारखा.

मी बाद दिला.

खुर्चीवरून त्याचे वडील उठले,
"अहो मॅडम, जरा सांभाळून सांगा ना त्यांना!"

मी शिट्टी तोंडातून काढली नाही.