चौदा हजार पावलं

आधी त्या एसीचं सांगतो.
जेवणाच्या डब्याएवढा. फोनमध्ये त्याच्या तोंडातून धुकं निघत होतं
आणि एक बाई स्वेटर घालून हसत होती.
मे महिना. विडी घरकुल. पत्र्याची खोली.
पारा चव्वेचाळीसवर बसलेला, उठायचं नाव नाही.
नऊशे नव्व्याण्णव मोजले.
रात्रभर त्यानं शेजारचं कॅलेंडर ओलं केलं,
एकादशीपासून अमावस्येपर्यंत.
बाकी काही गार झालं नाही.

भूदेवी काही बोलली नाही.
तिनं त्याच्यापुढं कोथिंबीर ठेवून बघितली.
दोन दिवस टिकली. तेवढं कबूल करतो.

मग तो सांगितलेलं ऐकणारा दिवा.
मी मराठीत सांगितलं, तिनं तेलुगूत,
शेजारच्या मल्लव्वानं कन्नडमध्ये शिवी घातली;
तो आपला जळतच.
शेवटी भिंतीवरचं बटण दाबलं.

पंचवीस वर्षं मी टॉवेलच्या मागांवर जॉबर होतो.
डोळे मिटून सांगायचो, धोटा कुठं अडतोय,
कुठला दात झिजलाय.
रात्री साडेअकराला अंगठा फोनवर सरकायला लागला
की तो कान कुठं जातो, देव जाणे.
वाटतं, हे एवढं एक आलं की बस्स.

घड्याळ घेतलं ते शुगर निघाल्यावर.
डॉक्टर म्हणाले, चाला. घड्याळ म्हणालं, मी मोजतो.
पहाटे कंबर तलावावर गेलो, शर्ट पाठीला चिकटेपर्यंत फिरलो
आणि मनगट बघितलं:
दोनशे बारा.
पोरगा म्हणाला, अप्पा, तुम्ही हात मागं बांधून चालता,
हात हलला तरच ते पाऊल धरतंय.
मागांच्या गल्लीत आयुष्यभर मी असाच चाललोय,
हात मागं, नाहीतर पट्टा ओढून नेतो.
आता ह्या वयात हात मोकळे सोडू?

घड्याळ खोक्यात पडणार, तेवढ्यात भूदेवी म्हणाली,
"द्या हिकडं. माल द्यायची येळ तरी कळंल."
संध्याकाळी तिनं मांडीवरचं सूप उतरवलं,
तंबाखूची बोटं पदराला पुसली
आणि मनगट माझ्यापुढं धरलं.
चौदा हजार तीनशे सहा.

"म्या कुठं चालायले ओ? जाग्यावरनं उठले बी न्हाई."

पान कापायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा.
हजार विड्या.
ती वळत होती आणि ते खुळं यंत्र
पाऊल टाकत होतं.
मी इतका हसलो की मल्लव्वा दारात येऊन उभी राहिली.

मग हिशोबाला बसलो, माझी खोड.
चौदा हजार म्हणजे नऊ-साडेनऊ किलोमीटर.
चार दिवसांत अक्कलकोट.
महिना-सव्वा महिन्यात हैदराबाद, तिच्या बहिणीचं दार,
जिथं आम्ही सात वर्षं "पुढच्या दिवाळीला" जातोय.
आणि ती सुपाशी बसली तेव्हा बारा वर्षांची होती.
पेन्सिल तिथंच ठेवली.

"मग? पोचले का कुठं?"
मी म्हणालो, बॅटरी गेली.
खरंच गेली होती. आठवडा चालते म्हणाले होते,
तिच्या एका दिवसाला पुरली नाही.

काच काळी आहे, तरी ती काढत नाही.
ब्रँचमध्ये चेकरबाईनं विचारलं म्हणे, केवढ्याला.
"दोन हजार सांगितलं," म्हणाली. घेतलं होतं बाराशेला.

काल परत साडेअकरा.
अंगठीसारखं काहीतरी निघालंय, झोप मोजतं.
आज रात्रीपुरती निम्मी किंमत.
अंगठा थांबला.
अंधारातून, कूस न बदलता, आवाज आला:
"ते विड्या वळतंय का, इचारा आधी."

फोन पालथा घातला, चादरीवर.
कडेनं उजेड जरा वेळ येत राहिला.